रविवारची गोळी

कोपरगाव तालुका,
११ जानेवारी २०२४

प्रिय एलिझाबेथ,

अक्षर ओळखलंस का? वसतिगृहात तुझ्या शेजारच्या कॉटवर झोपणारी रेश्मा. बारावीनंतर आपली भेटच नाही. तुझ्या पप्पांच्या घरचा पत्ता मला अजून पाठ आहे, त्याच्या भरवशावर लिहिते आहे. पत्र कशाला, फोन का नाही, असं म्हणशील. आमच्या घरात फोन एकच, तो ह्यांच्याकडे. माझ्या माहेरचा फोन आला तरी सासूबाई शेजारी येऊन बसतात आणि म्हणतात, "मोठ्यानं लाव, मला बी ऐकू दे." तसं मन वाईट नाही त्यांचं. पण काही बोलणं मोठ्यानं लावण्यासारखं नसतं ना.

मी घरी ब्लाउज शिवते आणि गावात बनुबाईच्या फॉल-पिकोच्या दुकानात नेऊन देते. बनुबाई एकटी बाई आहे, पोटात ठेवते. पाकिटावर तिचं नाव घाल, खाली तिचा पत्ता दिला आहे.

मला दोन मुली. थोरली संस्कृती पहिलीत आहे, धाकटी आता चालायला लागली. धाकटीच्या वेळी माझं बीपी फार वाढलं, झटके आले. शुद्धीवर आले तेव्हा पोर दोन दिवसांची झाली होती. डॉक्टर म्हणाले, आता लगेच नको, जिवावर बेतेल. हे तिथंच उभे होते, मान हलवली. घरी आल्यावर सासूबाईंनी मुलाचा विषय काढला तेव्हाही ह्यांनी मान हलवली. स्वभावच तसा आहे.

म्हणून मी गुपचूप गोळी घेते. आधीच्या आशाताईंनी आठवड्याची गोळी दिली होती. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग दर रविवारी एक. त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्यांच्या जागी आलेली बाई म्हणाली, "ती गोळी संपलीय, वरून आलीच नाही, ही घे." मी विचारलं, तीच का? तर म्हणाली, "काम तेच गं." त्या पाकिटात पांढऱ्या गोळ्या आहेत आणि शेवटी काही तपकिरी. तपकिरी कशाच्या? आणि ही नवी गोळी सुरू केल्यापासून मध्येच थोडं थोडं लाल दिसतं. हे बरं आहे ना? मला इथं विचारायला कुणी नाही. तू नगरला राहतेस, तुला माहीत असेल.

तुझी,
रेश्मा


नागापूर, नगर
२० जानेवारी

माझी रेश्मा,

पत्र बघून मी जिन्यातच बसले गं! पप्पांनी दिलं आणि विचारलं, "कोर्टाचं आहे का?" आता पत्र म्हटलं की लोकांना कोर्टच आठवतं.

मी इथं एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला आहे. लग्न केलं नाही. त्याची गोष्ट नंतर सांगेन. आई गेली. पप्पा, भाऊ यशया आणि प्रार्थनावहिनी असे आम्ही एकत्र राहतो.

तुझे झटके वगैरे वहिनीला वाचून दाखवले. इतकं झालं आणि मला पत्ताच नाही. पण गोळीची काळजी करू नकोस. वहिनी अगदी तशीच गोळी घेते, पांढऱ्या आणि शेवटी तपकिरी. तपकिरी गोळ्या लोहाच्या असतात, रक्त वाढायला. आणि मध्येच डाग दिसणं सुरुवातीला तिलाही झालं होतं. दोन-तीन महिन्यांत थांबलं. ती म्हणते, घाबरून बंद मात्र करायची नाही, न चुकता घ्यायची. तेव्हा तू बिनघोर राहा.

संस्कृती तुझ्यासारखी हट्टी आहे का? वसतिगृहात मेथीची भाजी नको म्हणून तू वॉर्डनबाईंशी भांडली होतीस, ते आठवून मी आणि वहिनी पोट धरून हसलो.

तुझीच,
एलिझाबेथ


९ फेब्रुवारी

प्रिय एलिझाबेथ,

तुझं पत्र दुकानातच तीनदा वाचलं. बनुबाई म्हणाली, "काय गं, लॉटरी लागली का?" म्हटलं, लागलीच. इतक्या दिवसांनी नीट झोप लागली बघ. तू सांगितलंस तसं बंद केलं नाही, एकदाही चुकवलं नाही. रविवारी डोक्यावरून अंघोळ झाली की देवाला दिवा लावते आणि मग गोळी. ही पाकिटं चांगली की, एकातच पुष्कळ गोळ्या. पाऊस सुरू होईपर्यंत एकच पुरेल. आशाताईच्या मागं हिंडायला नको.

फक्त डोकं दुखतं अधूनमधून. उसाची तोड चालू आहे, टोळीतल्या लोकांसाठी आमच्याकडूनच चहा जातो, त्या चुलीच्या धुराचं असेल.

संस्कृती हट्टी नाही गं. ती गप्प असते. मी कुणाशी काय बोलते ते बघत बसते.

तुझी,
रेश्मा


नागापूर
१५ फेब्रुवारी

रेश्मा,

हे पत्र हातात पडेल त्या क्षणी वाच, ब्लाउज राहू देत.

तू ती गोळी रविवारीच घेतेस? आठवड्यातून एकदाच? तुझी पाऊस येईपर्यंतची ओळ वाचली आणि मी तशीच वहिनीचं पाकीट काढून बघितलं. अगं, ती रोजची गोळी आहे. दररोज एक, ठरलेल्या वेळेला. मी तुला "न चुकता" लिहिलं तेव्हा माझ्या मनात रोज होतं, तू रविवार समजलीस. मी विचारायला हवं होतं. तू आठवड्याच्या गोळीचं स्पष्ट लिहिलं होतंस आणि मी तपकिरी गोळ्यांचं शहाणपण सांगत बसले.

काल कामावरून सुटल्यावर वहिनीच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, या दोन गोळ्या अगदी वेगळ्या आहेत. तुझी आधीची आठवड्याची होती, ती तशीच घ्यायची. ही रोजची आठवड्यातून एकदा घेतली तर तिचा काहीच उपयोग नाही, घेतली न घेतली सारखंच. पाळी पुढंमागं होते, डाग दिसतात ते त्यामुळेही. एखाद्या दिवशी विसरली तर आठवल्याबरोबर घ्यायची असते, दोन-तीन दिवस चुकल्या तर आठवडाभर निरोध वापरायचा असतो. इतकं ते काटेकोर असतं.

आणि दुसरं त्याहून मोठं. ज्या बाईला बीपी आहे, झटके येऊन गेलेत, तिला ही रोजची गोळी मुळात द्यायचीच नसते. तिचं बीपी मोजल्याशिवाय तर नाहीच. तुझं डोकं दुखतंय ते धुराचं म्हणून सोडून देऊ नकोस.

तेव्हा आजपासून ती गोळी बंद. मधल्या काळात निरोधच. कसं सांगशील तुझ्या ह्यांना ते मला सुचत नाही, पण सांग. कुठल्याही दवाखान्यात जाऊन बीपी बघ. पाळी वेळेवर आली नसेल तर तपासणीची पट्टी सोबत पाठवते आहे, सकाळच्या पहिल्या लघवीवर करायची. पाळी आली तर पहिल्या दिवसापासून आठवड्याची गोळी पुन्हा सुरू करता येईल, पहिल्यासारखीच, तीन महिने दोनदा आणि मग एकदा. तीही मी इथल्या मेडिकलमधून आणून पार्सलात घातली आहे.

लगेच उत्तर लिही.

एलिझाबेथ


१० मार्च

एलिझाबेथ,

बनुबाई लेकीच्या बाळंतपणाला वैजापूरला गेली होती. दुकान बंद. पोस्टमननं तुझं पार्सल शेजारच्या किराणावाल्याकडे ठेवलं होतं. काल ती आली, काल मिळालं.

पट्टीवर दोन रेघा आल्या.

तशी पट्टीची गरज नव्हती. आमच्याकडे बाहेरची झाली की बाजूला बसावं लागतं, चुलीला शिवायचं नाही. त्यामुळे कोण कधी बाजूला बसली नाही ते साऱ्या वस्तीला कळतं. मला कळायच्या आधी सासूबाईंना कळलं. परवा त्यांनी माझ्या हातातली पाण्याची कळशी काढून घेतली. म्हणाल्या, "आता जड उचलायचं न्हाई. औंदा देवानं ऐकलंय." शेजारणींना पेढे वाटून झाले. त्यांना इतकं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. मला म्हणाल्या, "लई वाट बघायला लावलीस गं पोरी," आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. एलिझाबेथ, आठ वर्षांत पहिल्यांदा.

रात्री ह्यांना म्हटलं, डॉक्टर काय म्हणाले होते ते आठवतं का? हे म्हणाले, "आठवतं." मग कुशीवर वळत म्हणाले, "पण आता झालंय तर."

तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या पत्राआधीच दिवस राहिले असणार. मी रोज मोजते आहे, पण आकडा कधी लागतो, कधी लागत नाही. पार्सलातल्या गोळ्या बनुबाईकडेच ठेवल्या आहेत. आता काय करू ते सांग. मला काही सुचत नाही.

रेश्मा


नागापूर
१६ मार्च

माझ्या बाई,

रडू नकोस. अजून वेळ गेलेली नाही. डॉक्टरबाईंना पुन्हा भेटले. त्या म्हणाल्या, इतक्या लवकर कळलं असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली पोट मोकळं करता येतं, सरकारी दवाखान्यातही. आणि तू सज्ञान आहेस, तुझी एकटीची संमती पुरते. नवऱ्याची लागत नाही, सासूची तर नाहीच. फक्त कुणाचं ऐकून मेडिकलमधून काही आणून घेऊ नकोस. तुझं बीपी बघितल्याशिवाय काही करायचं नाही.

मी येते. आमच्या कारखान्यातल्या बायका पुढच्या रविवारी टेम्पो ट्रॅव्हलर करून शिर्डीला चालल्या आहेत. मी पण त्यांच्यात नाव दिलं. तिथून तुझ्याकडे यायला किती वेळ लागतो! दर्शनाला आले होते, मैत्रिणीला भेटून जाते असं म्हणेन. मग आपण दोघी मिळून तुझ्या ह्यांच्याशी बोलू. डॉक्टरबाईंनी काय सांगितलं ते मी त्यांना नीट समजावते. कुणीतरी तिसऱ्यानं सांगितलं की माणसं ऐकतात.

तू फक्त माझ्या शेजारी उभी राहा.

एलिझाबेथ


नागापूर
२५ मार्च

रेश्मा,

पोचले. वाटभर खिडकीला डोकं टेकून बसले होते. बायकांना वाटलं गाडी लागली.

तुझ्या सासूबाईंनी पुरणपोळी वाढली, पोटभर खा म्हणून आग्रह केला, मला लेकी लेकी म्हणाल्या. म्हणून तर मला बोलायचा धीर झाला. मी तुझ्या ह्यांना, गोरक्षनाथांना म्हटलं, "दादा, हिच्या जिवाला धोका आहे. डॉक्टर सांगतायत, हे बाळंतपण नको. अजून करता येतं." ते उंबऱ्यात उभे होते. सासूबाईंचा हात वाढता वाढता थांबला. त्यांनी तुला विचारलं, "व्हय गं? तू बोलावलंस व्हय हिला? तुला नगं हाय का?"

आणि तू म्हणालीस, "न्हाई आत्या. हिचा काहीतरी गैरसमज झालाय. मी असं कधी म्हटलंच न्हाई."

वर मान करून म्हणालीस. माझ्याकडे न बघता. मग पाठ फिरवून भाकरी थापायला बसलीस. मी निघाले तर उठलीसुद्धा नाहीस. गोरक्षनाथ रस्त्यापर्यंत सोडायला आले. मी त्यांना माझा पत्ता आणि नंबर लिहून दिला. त्यांनी चिठ्ठी खिशात घातली.

मी चूक केली का? सगळ्यांसमोर बोलायला नको होतं का? मला राग नाही आलेला. म्हणजे आलाय. पण त्याहून जास्त भीती वाटते. लिही काहीतरी.

एलिझाबेथ


४ एप्रिल

एलिझाबेथ,

तू यायच्या आदल्या संध्याकाळी हे मला विहिरीकडे घेऊन गेले. म्हणाले, "आईला कुणीतरी सांगितलंय, तू गोळ्या घेत हुतीस म्हणून." कुणी सांगितलं माहीत नाही. ती नवी आशाच बोलली असेल सहज, पाण्यावर भेटल्यावर. आईंनी ह्यांना बजावलं होतं, "हिनं पोट पाडलं तर हिला तिच्या आईकडं सोडून ये. पोरी हितंच राहतील. आमच्या हायत त्या." मी ह्यांना विचारलं, "तुम्ही सोडून याल?" ते विहिरीत बघत राहिले. नाही म्हणाले नाहीत, एलिझाबेथ. नाही म्हणाले असते तर मी तुझ्या शेजारी उभी राहिले असते.

माझ्या आईकडं एक खोली, त्यात भाऊ-भावजय. कोर्टात जाता येतं हे मलाही माहीत आहे. पण तोवर धाकटी माझ्याशिवाय झोपेल कशी? अजून अंगावर पिते ती.

तू निघालीस तेव्हा उठले नाही, कारण उठले असते तर तुझ्या मागं चालतच आले असते.

आता पुन्हा येऊ नकोस. रागवूही नकोस. मला फक्त एवढं सांग की कशावर लक्ष ठेवायचं. तेवढं तर मी करू शकते.

रेश्मा


नागापूर
१० एप्रिल

माझी रेश्मा,

नाही रागावले. मला तुझ्या जागी ठेवून बघते तेव्हा मीही भाकरीच थापते.

ऐक. प्रत्येक वेळी दवाखान्यात बीपी मोजून घे, त्यांनी नाही मोजलं तर मागून घे. आधी झटके आले होते हे पहिल्यांदा सांग, मग बाकीचं. डॉक्टर गोळी देतील ती रोज घे, बरं वाटलं तरी सोडू नकोस. डोकं फुटल्यासारखं दुखलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले, तोंड-हात सुजले, छातीखाली दुखलं, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन लावायचा. हे गोरक्षनाथांना सांग, सासूबाईंच्या देखत सांग. त्यांना नातू हवा आहे ना? मग नातवासाठी म्हणून सांग.

दर रविवारी चर्चमध्ये तुझं नाव घेते. दुसरं काही हातात नाही, हेच सलतं.

तुझीच,
एलिझाबेथ


जिल्हा रुग्णालय, नगर
१९ ऑगस्ट

एलिझाबेथताई यांस,
गोरक्षनाथचा नमस्कार.

तुमी दिलेली चिठ्ठी पाकिटात हुती. फोन लावायला धीर झाला न्हाई, म्हणून लिहितो. हितनं तुमचं घर लांब न्हाई, वॉर्डातल्या माणसाच्या हाती देतो.

रेश्मा हितं हाय. जिवंत हाय, ते आधी सांगतो.

आठ-दहा दिवस तिचं तोंड सुजलं हुतं. तिनं मला सांगितलं, आईला सांगितलं. बीपीची गोळी चालू हुती. आई म्हणाली, सातवा लागला की बाईमाणूस सुजतंच. मी म्हटलं उद्या जाऊ. मग म्हटलं, सोयाबीनची फवारणी झाली की जाऊ. मग एक दिवस पहाटं ती म्हणाली, "मला काही दिसंना." मी गाडी बोलावली. कोपरगावात पोचेपातुर झटके आले. तिथनं हितं पाठवलं.

मुलगा झाला. माझ्या दोन्ही तळहातांवर मावंल एवढा. काचेच्या पेटीत चार दिवस हुता, मग गेला. आईनं त्याला बाहेरूनच बघितलं.

रेश्माची नजर परत आलीय, डॉक्टर म्हणतात हळूहळू साफ होईल. ती माझ्याशी बोलत न्हाई. रागानं न्हाई. विचारलं तर हो-न्हाई म्हणते. तुमचं नाव घेतलं तेव्हा मात्र तोंड भिंतीकडं केलं आणि लई रडली. तुमी आला तर बरं हुईल.

आणखी एक लिहायचं हाय. आई म्हणते, एकदा हातात आलं हुतं, पुन्हा येईल. हे तिनं वॉर्डातच म्हटलं, रेश्मा ऐकत हुती. मी बाहेर आलो आणि डॉक्टरला विचारलं, बाईला न्हाई, मला काय करता येतं का. ते म्हणाले, पुरुषाच्या नसबंदीचं ऑपरेशन बाईपेक्षा सोपं असतं, त्याच दिवशी घरी जाता येतं. मी परवाचा दिवस घेतलाय. आईला सांगितलं न्हाई. कसं सांगायचं ते कळंना. उद्या म्हणत म्हणत माझा सगळा जन्म गेला, ताई. ह्या वेळंला तरी उद्या म्हणायचं न्हाई असं ठरवलंय.

तुमी या.

गोरक्षनाथ


कोपरगाव तालुका,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय एलिझाबेथ,

दवाखान्यात तू रोज डबा घेऊन यायचीस, माझे केस विंचरायचीस आणि एक शब्द विचारायची नाहीस. त्याबद्दल मी काही बोलले नाही. आताही नीट लिहिता येणार नाही.

आता दूरचं दिसतं. सुईत दोरा मात्र ओवता येत नाही, तो संस्कृती ओवून देते. बीपीची गोळी रोज घेते. ह्यांची शेवटची तपासणी झाली, डॉक्टर म्हणाले आता दुसरं काही वापरायची गरज नाही. त्या दिवशी हे घरी आले, मला म्हणाले, "आता भ्यायचं न्हाई."  

पण आईंना अजून सांगितलेलं नाही. मी दोनदा म्हटलं, सांगून टाका. हे आधी म्हणाले, पीक निघू दे, मग म्हणाले, संक्रांत जाऊ दे. ऑपरेशनाला धजले, सांगायला धजत नाहीत. मीही सांगत नाही. मी सांगितलं तर त्यांना वाटेल मीच करायला लावलं, आणि पुन्हा तीच विहीर.

आईंनी गेल्या महिन्यात कुठल्याशा गावच्या वैद्याकडून दिवस राहायच्या पुड्या आणल्यात. नुसतं आवळा-शतावरीचं चूर्ण आहे, मी आपल्या डॉक्टरांना दाखवून घेतलं. आईंना गुडघ्यांनी चालवत नाही, तरी तीन एसट्या बदलून जाऊन आल्या. रोज दिवेलागणीला चुलीशेजारी बसवून माझ्या हातात पुडी देतात, कोमट दूध देतात आणि घोट खाली उतरेपर्यंत उभ्या राहतात. काल मी शिवणावर होते, उशीर झाला, तर त्या स्वतः घेऊन आल्या. म्हणाल्या, "येळ चुकवायची न्हाई बाई. एक दिस जरी चुकला तरी गुण येत न्हाई, असं त्यानं सांगितलंय."

दाराशी हे उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं.

"कडू हाय का लई?" आईंनी विचारलं.

मी म्हटलं, "न्हाई आत्या," आणि पिऊन टाकलं.

तुझी,
रेश्मा